आकाश दाखवणारी खिशातली घड्याळे : मराठवाड्यातील नव्या संग्राहकासाठी

जुने खिशातले घड्याळ विकत घेताना साधारणपणे माणूस चांदीची केस पाहतो, डायलवरचे नाव वाचतो आणि कानाला लावून टिकटिक ऐकतो. साध्या घड्याळाला एवढी पाहणी एक वेळ चालून जाते. परंतु ज्या घड्याळात चंद्राची कला, वार, तारीख, महिना, सूर्योदय आणि सूर्यास्त, कालसमीकरण (सूर्याची वेळ आणि घड्याळाची वेळ यांतील फरक) किंवा ताऱ्यांचा नकाशा यांपैकी काही असेल, त्याची परीक्षा त्याच्या टिकटिकीवरून होत नाही. असे घड्याळ आकाशातील नेमके काय मोजते, त्या मोजमापात किती चूक गृहीत धरलेली आहे आणि ते कोणत्या गावासाठी बनवलेले आहे, हे कळल्याखेरीज पैसे मोजू नयेत. सुदैवाने या तपासणीचे निम्मे साहित्य आपल्या घरात भिंतीवर टांगलेले असते, ते म्हणजे पंचांग.

आधी चंद्र

सुरुवात चंद्रकला दाखवणाऱ्या घड्याळापासूनच करावी, कारण बाजारात तेच त्यातल्या त्यात सापडते आणि त्याची यंत्ररचना समजली की पुढचे सारे सोपे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये वार, तारीख, महिना आणि चंद्र दाखवणारी घड्याळे मोठ्या संख्येने तयार झाली. त्यांतील बरीच निकेल, काळसर पोलाद किंवा हलक्या चांदीच्या केसमध्ये असतात आणि डायलवरचे वार व महिने फ्रेंचमध्ये असतात. बहुतेकदा सहाच्या आकड्याच्या जागी सेकंदाची छोटी तबकडी आणि तिच्याच भोवती किंवा वर चंद्राची खिडकी असते. खिडकीमागे निळी चकती फिरते, तिच्यावर दोन सोनेरी चंद्र समोरासमोर रंगवलेले असतात आणि तिच्या कडेला 59 दाते असतात. रोज एक दाता सरकतो, म्हणजे एका चंद्राच्या वाट्याला साडेएकोणतीस दिवस येतात.

खरा चांद्रमास सरासरीने 29 दिवस 12 तास 44 मिनिटांचा आहे. म्हणजे घड्याळातला चंद्र दर महिन्याला पाऊण तासाच्या आसपास आकाशातल्या चंद्राच्या पुढे जातो आणि दोन वर्षे आठ महिन्यांच्या सुमारास ही चूक एक पूर्ण दिवस होते. अधिक मासही साधारण साडेबत्तीस महिन्यांनीच येत असल्यामुळे लक्षात ठेवण्यास हे फार सोयीचे आहे : अधिक मास आला की घड्याळातला चंद्र एक दिवस मागे घ्यावा. दोन्हींची कारणे मात्र वेगळी आहेत. अधिक मास चांद्रवर्ष आणि सौरवर्ष यांच्यातील सुमारे अकरा दिवसांच्या फरकातून येतो, तर घड्याळातली चूक कारागिराने मास पूर्ण साडेएकोणतीस दिवसांचा धरल्यामुळे येते. चकती उलटी फिरवता येत नाही. त्यामुळे चंद्र एक दिवस मागे घेण्यासाठी घड्याळ एक दिवस बंद ठेवून पुन्हा चालू करावे आणि वार व तारीख तेवढी पुढे सरकवून घ्यावी, किंवा केसच्या कडेला असलेले चंद्राचे बटण 58 वेळा दाबावे. पहिला मार्ग बरा. याहून सूक्ष्म रचनेत 135 दात्यांचे चक्र वापरतात आणि तेथे एका दिवसाची चूक होण्यास सुमारे 122 वर्षे लागतात. परंतु जुन्या खिशातल्या घड्याळात कोणी असा दावा केला, तर डायल उतरवून दाखवल्याशिवाय तो मान्य करू नये.

आता पंचांगाशी ताळा कसा घालावा ते पाहू. पंचांगातील तिथी चंद्र आणि सूर्य यांच्यातील खऱ्या अंतरावरून काढलेली असते, आणि चंद्राची गती एकसारखी नसल्यामुळे एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंतचा काळ सुमारे 29 दिवस साडेसहा तासांपासून 29 दिवस 20 तासांपर्यंत कमीजास्त होतो. घड्याळाला ही गती ठाऊक नसते, ते सरासरीने चालते. म्हणून घड्याळ पौर्णिमेच्या अर्धा दिवस अलीकडे किंवा पलीकडे असेल तर ते सदोष मानू नये. चंद्र लावताना आधी खिडकीच्या मध्यावर पूर्ण गोल आणावा आणि मग गेल्या पौर्णिमेपासून उलटलेल्या दिवसांइतक्या वेळा बटण दाबावे. येथे तिथी मोजू नयेत, तारखा मोजाव्यात. क्षयतिथी किंवा वृद्धितिथी मध्ये आली तर तिथीचा हिशेब एका दिवसाने चुकतो. शुद्ध पक्षात चंद्र खिडकीच्या डाव्या कमानीआडून बाहेर येतो आणि वद्य पक्षात उजव्या कमानीआड जातो. कोणी दुरुस्ती करताना चकती उलटी बसवली असेल, तर एवढ्यावरूनच ते लक्षात येते.

पाथरी आणि गोदाकाठच्या परिसराला गणिती ज्योतिषाची मोठी परंपरा आहे. इसवी सन 1503 च्या सुमारास लिहिणारे ज्ञानराज ज्या पार्थपूरचे, ते आजचे पाथरी मानले जाते. मध्यम चंद्र (सरासरी गतीने चालणारा) आणि स्पष्ट चंद्र (आकाशात खरोखर दिसणारा) यांच्यातील फरक त्या परंपरेला नेहमीचाच होता. पंचांग वाचता येणाऱ्या घरातील माणसाला हे घड्याळ समजण्यास म्हणूनच फारसा वेळ लागत नाही.

बटण, दाता आणि भिंग

घड्याळ हातात आल्यावर प्रथम काटे फिरवून पाहण्याचा मोह आवरावा. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात काटे असतील, तर आतले दाते एकमेकांत अडकलेले असतात. त्या अवस्थेत बटण दाबले तर एखादा दाता तुटू शकतो आणि तसा दाता आज कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही. काटे सहाच्या आसपास आणावेत, तेही पुढच्या दिशेनेच. मग केसच्या कडेला असलेली बारीक, आत दबलेली बटणे शोधावीत. त्यांना पिन किंवा सुई लावू नये, पितळेची किंवा लाकडाची बोथट काडी वापरावी. पोलादी टोकाने पडलेले ओरखडे बटणाभोवती दिसत असतील, तर घड्याळ पूर्वी कोणी तरी निष्काळजीपणे हाताळले आहे हे उघड आहे.

चंद्राचे बटण हळू दाबले की चकती किंचित सरकते, क्षणभर थांबते आणि मग बारीक टक् असा आवाज होऊन पुढच्या घरात बसते. हा शेवटचा टक् महत्त्वाचा आहे. तो आतल्या केसाएवढ्या बारीक स्प्रिंगचा असतो आणि तिच्यामुळेच चकती जागेवर राहते. तो ऐकू येत नसेल आणि घड्याळ किंचित हलवल्यावर चंद्र खिडकीत डुलत असेल, तर स्प्रिंग मोडलेली किंवा थकलेली आहे. विक्रेता हरकत घेत नसेल तर 59 वेळा बटण दाबून चकतीची पूर्ण फेरी पाहावी. एखाद्या दात्याचे टोक झिजलेले असेल तर त्या एकाच जागी चकती अडते, आणि दहापंधरा वेळा दाबून तो दोष कळत नाही. त्यानंतर काटे पुढे फिरवून मध्यरात्र ओलांडावी आणि वार, तारीख, चंद्र आपोआप सरकतात का ते पाहावे. बटणाने सरकणारी पण आपण होऊन न सरकणारी घड्याळे बाजारात भरपूर आहेत.

एका फसवणुकीची कल्पना येथे द्यायला हवी. आजकाल जुन्या वळणाची जी नवी घड्याळे विकली जातात, त्यांत सूर्य आणि चंद्र रंगवलेली चकती असते व ती चोवीस तासांत एक फेरी घेते. ती दिवस आणि रात्र दाखवते, चंद्राच्या कलेशी तिचा संबंध नसतो. काटे बारा तास पुढे नेल्यावर चकती अर्धी फिरली तर ते चंद्रकलेचे घड्याळ नव्हे. इसवी सन 1700 च्या आसपास इंग्लंडमध्ये सूर्य आणि चंद्र आळीपाळीने तास दाखवतील अशी घड्याळे बनत आणि ती मौल्यवान आहेत. परंतु तशी वस्तू आठवडी बाजारात हाती लागेल अशी आशा धरणे व्यर्थ आहे.

डायल बहुतेक मिन्याची, म्हणजे भाजून चढवलेल्या काचेसारख्या लेपाची, असते. भिंगातून पाहताना खिडक्यांच्या कडा आणि स्क्रूंच्या जवळची जागा आधी तपासावी, कारण मिना तेथेच प्रथम तडकतो. केसासारखी एखादी भेग क्षम्य आहे, पण उडालेला कपचा पांढऱ्या रंगाने भरलेला असेल तर त्यानुसार किंमत उतरली पाहिजे. आकड्यांच्या कडा भिंगाखाली ठिपक्याठिपक्यांच्या दिसल्या तर डायल छापील आणि नवी आहे. डायल अशी नव्याने रंगवणे किंवा बदलणे, घड्याळजी ज्याला रिडायल म्हणतात, तो प्रकार साध्या घड्याळात किंमत कमी करतो, पण चंद्राच्या घड्याळात विश्वासच घालवतो, कारण डायल बदलताना आतली कॅलेंडरची चक्रे काढून ठेवली असण्याची शक्यता असते. डायलवर जे नाव असते ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असते, बनवणाऱ्याचे नव्हे. म्हणून मागची झाकणे उघडून मशीनवरची खूण आणि क्रमांक पाहावेत.

चांदीसोन्याच्या खुणा वाचण्यास शिकावे, त्याला वेळ फार लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 1880 च्या कायद्यानंतर खुणा ठरल्या. 800 प्रतीच्या (हजारात 800 भाग शुद्ध) चांदीवर रानकोंबड्यासारखा पक्षी, त्याहून उच्च प्रतीच्या चांदीवर अस्वल, 14 कॅरेट सोन्यावर खार आणि 18 कॅरेटवर स्त्रीचे मुख. इंग्लंडच्या चांदीवर चालता सिंह असतो आणि बर्मिंगहॅमची खूण नांगर आहे, म्हणजे जहाजाचा. फ्रान्सच्या 18 कॅरेट सोन्यावर गरुडाचे मुख असते. केसवरची खूण एका देशाची आणि काळाची, तर मशीन दुसऱ्याच काळाचे, असे आढळले तर दोन घड्याळे जोडून एक केलेले आहे असे समजावे.

चंद्राच्या पुढे

परपेच्युअल कॅलेंडरच्या घड्याळात तीस आणि एकतीस दिवसांचे महिने, फेब्रुवारी आणि लीप वर्ष यांचा हिशेब आपोआप होतो. टॉमस मज या इंग्रज कारागिराने असे खिशातले घड्याळ 1760 च्या दशकात बनवले. आत 48 महिन्यांचे, म्हणजे चार वर्षांचे एक चक्र असते आणि त्याच्या खाचांची खोली महिन्याची लांबी ठरवते. 2100 हे वर्ष लीप नसल्यामुळे तोवर अशा घड्याळाला हात लावावा लागत नाही, मात्र ते कधीच बंद पडता कामा नये. बंद पडलेले लावणे हे घड्याळजीचेच काम आहे. पहिल्या काही वर्षांत या वर्गाच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे.

कालसमीकरणाचे घड्याळ मात्र समजून घेण्यासारखे आहे, मग ते विकत घेणे झाले नाही तरी चालेल. सूर्य रोज ठीक चोवीस तासांनी माथ्यावर येत नाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो घड्याळाच्या सुमारे सव्वासोळा मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सव्वाचौदा मिनिटे मागे. वर्षातून चारदा, 15 एप्रिल, 13 जून, 1 सप्टेंबर आणि 25 डिसेंबरच्या सुमारास, हा फरक शून्यावर येतो. घड्याळात यासाठी काजूगराच्या आकाराची एक चकती असते, ती वर्षातून एकदा फिरते आणि तिच्या कडेवर टेकलेला दांडा काट्याला पुढेमागे नेतो.

ते बरोबर चालते का, हे छत्रपती संभाजीनगरात घराच्या गच्चीवर तपासता येते. शहराचे रेखांश सुमारे 75 अंश 20 कला आणि भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांची, त्यामुळे येथील स्थानिक मध्यम वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे 28 मिनिटे 40 सेकंद मागे असते. ओळंब्याने सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली ज्या क्षणी बरोबर उत्तरेकडे पडते, तो स्थानिक मध्यान्ह. तो 3 नोव्हेंबरला प्रमाणवेळेनुसार 12 वाजून 12 मिनिटांच्या आसपास येतो आणि 11 फेब्रुवारीला 12 वाजून 43 मिनिटांच्या आसपास. नांदेडकरांनी यातून साधारण आठ मिनिटे वजा करावीत, लातूरकरांनी पाच. घड्याळातील काटा या आकड्यांशी जुळला की चकती शाबूत आहे आणि तारखेशी नीट जोडलेली आहे.

सूर्योदय आणि सूर्यास्त दाखवणारी घड्याळे जेथे बनली किंवा ज्या ग्राहकासाठी बनली, तेथील अक्षांशालाच लागू पडतात. लंडनमध्ये सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक आणि सर्वांत लहान दिवस आठ तासांच्या आत असतो. आपल्याकडे हेच आकडे सव्वातेरा आणि अकरा तासांच्या आसपास आहेत. म्हणून लंडनचे घड्याळ येथे चुकीचा सूर्योदय दाखवणारच, तो त्याचा दोष नव्हे. उलट एखाद्या युरोपीय घड्याळाने मराठवाड्याचा सूर्योदय बरोबर दाखवला, तर चकती नंतर बदललेली असण्याची शंका घ्यावी.

ताऱ्यांच्या नकाशाचेही तसेच आहे. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने हेन्री ग्रेव्ह्ज या अमेरिकन धनिकासाठी बनवून 1933 मध्ये सुपूर्द केलेल्या घड्याळात न्यूयॉर्कचे आकाश आहे. ते 2014 मध्ये जिनिव्हात 2 कोटी 32 लाख स्विस फ्रँकला विकले गेले. अमेरिकन मोटार उत्पादक पॅकार्ड यांच्या 1927 च्या घड्याळात ओहायोतील त्यांच्या वॉरन गावचे आकाश आहे. आपल्या आकाशात हिवाळ्यात दक्षिणेला ठळक दिसणारा अगस्त्य न्यूयॉर्क, पॅरिस किंवा लंडनच्या क्षितिजावर कधीच येत नाही. तेव्हा या शहरांसाठी म्हणून सांगितलेल्या नकाशात अगस्त्य असेल, तर सांगणाऱ्याचे म्हणणे खोटे आहे.

शोध कोठे घ्यावा

एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे : अशी घड्याळे मराठवाड्यात मुळातच कमी आली असावीत. 1948 पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा सरकारी व्यवहार दीर्घकाळ फसली सनाने (शेतसाऱ्यासाठीच्या सनाने), आझूर, दय, बहमन अशा महिन्यांनी चाले. फ्रेंच महिने दाखवणाऱ्या घड्याळाचा कचेरीत फारसा उपयोग नव्हता. देशमुख, जहागीरदार आणि वकील यांच्या घरी जी थोडी आली, ती हौसेपोटी आली असणार. त्यामुळे जेथे आहेत तेथे ती बहुधा कमी वापरलेली सापडतात.

छत्रपती संभाजीनगरातील जाफर गेटचा रविवारचा बाजार पाहावा, पण खरी जागा सराफा आहे. जुनी चांदीची केस सराफाकडे मोडीत येते, वजन होते, मशीन काढून डब्यात फेकले जाते आणि केस आटवली जाते. ओळखीच्या दोनचार सराफांना सांगून ठेवावे की, डायलवर खिडकी किंवा एकाहून अधिक छोट्या तबकड्या दिसल्या तर मोडण्याआधी एक फोन करा. मोडीच्या भावाहून थोडे अधिक दिले की ते आनंदाने थांबतात. एखाद्या घरी जाऊन घेत असाल तर काका, आजी म्हणून निवांत बसावे, भाव करण्याआधी घड्याळ कोणाचे होते हे विचारावे आणि ते लिहून घ्यावे. घरात नुकतेच दुःख झाले असेल तर तो विषय काढू नये. पावती मात्र प्रत्येक वेळी घ्यावी, तीवर विकणाऱ्याची सही आणि मशीनचा क्रमांक असावा. चोरीचा माल ठरल्यास तोच एक आधार असतो.

डोळा तयार करण्यासाठी हैदराबादचे सालारजंग संग्रहालय पाहावे. नांदेडहून रात्रीच्या गाडीने जाऊन सकाळी तेथे पोहोचता येते. घंटा वाजवणाऱ्या मोठ्या घड्याळासमोरची गर्दी टाळून थेट घड्याळांच्या दालनात जावे आणि मिना, काटे व आकड्यांची वळणे सावकाश पाहावीत.

दुरुस्ती, जपणूक आणि कायदा

बिघडलेले घड्याळ स्वस्तात मिळते म्हणून घेणे म्हणजे पुष्कळदा चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कॅलेंडरची चक्रे डायलखाली असतात आणि ती न उघडलेला घड्याळजी कितीही निष्णात असला तरी येथे चाचपडतो. काम देण्यापूर्वी त्याने असे मशीन पूर्वी खोलले आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि डायल उतरवल्यावर प्रत्येक टप्प्याचा फोटो काढण्याची अट घालावी. शिलाई मशीनचे तेल घालू देऊ नये. ते पसरते आणि धूळ धरते.

उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो तेव्हा आतले तेल लवकर सुकते. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा लोखंडी कपाटाच्या वरच्या फळीवर घड्याळे ठेवू नयेत. सुती कापडात गुंडाळून लाकडी डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावीत. रबर बँड लावू नये, त्यातील गंधकाने चांदी काळी पडते. महिन्यातून एकदा चावी देऊन दिवसभर चालवले तरी पुरते. रेडियम लावलेले काटे असलेले घड्याळ उघडू नये, कारण रंग ठिसूळ झालेला असतो आणि त्याची धूळ श्वासातून जाणे धोक्याचे आहे. खंडेनवमीला पूजा जरूर करावी, परंतु हळदकुंकू झाकणाला लावावे, डायलला नव्हे. मिन्याच्या भेगेत गेलेले कुंकू पुन्हा निघत नाही.

शंभर वर्षे पूर्ण झालेली वस्तू 1972 च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. दुरुस्तीसाठी स्वित्झर्लंडला पाठवण्याचा विचार असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारणा करावी. घड्याळ पुरावशेष नसल्याचा दाखला मिळाल्यावरच पार्सल बांधावे.